दुसऱ्याचं दुःख आपल्या तोंडून म्हणताना

मांडकरीण

मी कुडाळ तालुक्यातली. आमच्या वाडीत पौष महिन्यात धालो होतात. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडं सांगते. रात्री जेवणखाण आटोपलं की बायका मांडावर, म्हणजे धालोच्या ठरलेल्या अंगणात, जमतात, समोरासमोर दोन रांगा करतात, शेजारणीच्या कमरेत हात घालतात आणि वाकत झुलत पुढे-मागे होतात. एक रांग ओळ म्हणते, समोरची रांग तीच ओळ परत म्हणते. आमच्याकडे वाद्य नसतं आणि पुरुषही नसतात.

माझे काका मुंबईत गिरणीत होते. १९८२ चा संप झाला, गिरणी सुटली, मग मिळेल तिथे वॉचमनची नोकरी. तिथेच एका रात्री गेले. निरोप गावात पोचेपर्यंत अग्नी देऊन झाला होता, काकीला तोंडही बघायला मिळालं नाही. पुढे कधीतरी एका गाववाल्याबरोबर त्यांची पत्र्याची पेटी एसटीने आली. टपावरून काढून तिठ्यावर (तीन रस्ते मिळतात तिथे) ठेवली. आत दोन शर्ट, भजनाची वही, पोस्टाचं पासबुक. काकीने ती खाटेखाली सरकवली आणि त्या विषयावर घरात कोणाशी अवाक्षर काढलं नाही. रडलीही नाही. बायका कुजबुजायच्या की हिचं कसं होणार.

पुढच्या पौषात ती मांडावर उभी राहिली. (आमच्या वाडीत विधवा बाईला अडवत नाहीत. सगळीकडे असं नाही.) नेहमीच्या चालीत नेहमीची गाणी चालली होती. मध्येच तिच्या रांगेची पाळी आली तेव्हा तिने एकटीने उचललं:

मुंबयची गाडी इली, तिठ्यार उबी रवली गे
लोकांची माणसां उतारली, माझी पेटी उतारली गे

ही ओळ कोणी कधी ऐकलेली नव्हती. तरी समोरच्या रांगेने ठेका न चुकवता ती जशीच्या तशी परत म्हटली. ज्यांचे नवरे घरी घोरत होते त्यांनी म्हटली, ज्यांचे मुंबईत होते त्यांनी म्हटली, लग्न न झालेली मी, मीही म्हटली. परत तिची रांग, परत आमची. किती वेळा कोण जाणे. पाय थांबले नाहीत, कोणी तिला जवळ घेतलं नाही, ‘उगी उगी’ केलं नाही. गाणं पुढच्या ओळीवर गेलं. दुसऱ्या दिवशी काकीने पेटी बाहेर काढून पुसली आणि त्यात तांदूळ भरले.

तिला विचारूनच हे लिहितेय. माझा प्रश्न असा आहे. त्या रात्री नक्की काय घडलं? चाल जुनी, ठेका जुना, ‘गे’ सुद्धा जुना. तिने फक्त दोन ओळी बसवल्या. पण वर्षभर जे कोणाच्या सांत्वनाने झालं नाही ते त्याने झालं. मला वाटतं की आपण सर्जनशीलता म्हणजे काहीतरी नवं, एकट्याने केलेलं असं धरून चालतो आणि त्यामुळे ही गोष्ट आपल्या हिशोबातच येत नाही. तुमच्या गावात, घरात असं काही पाहिलंय का?

पायपेटी

ताई, वाचून बराच वेळ नुसता बसून होतो.

मी दशावतारी कंपनीत पेटी वाजवतो. आमच्याकडे संहिता नसते हे बहुतेकांना माहीत आहे, पण ते चालतं कसं हे थोडं सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. जत्रेच्या गावात पोचलो की संध्याकाळपर्यंत मालक आख्यान ठरवतो आणि पात्रं वाटून देतो. रंगपट्टीवर बसून ज्याचा त्याने आपला चेहरा रंगवायचा. आधी आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासूर, हे ठरलेलं. मग आख्यान. मंचावर एक बाकडं, तेच सिंहासन, तोच पर्वत. कथा सगळ्या गावाला पाठ असते. राजा राज्य घालवणार, राणी वनात जाणार, शेवटी देव प्रकटणार. पहाटे दहीहंडी फुटणार. पण राणी वनात जाताना काय बोलेल, हे त्या रात्री त्या नटालाही मंचावर पाऊल टाकेपर्यंत माहीत नसतं. मी त्याच्या श्वासाकडे बघून सूर धरतो. पखवाजवाला त्याच्या पावलाकडे बघतो.

आमच्यातला एक स्त्रीपार्टी नट आहे. गावात उतरलो की हा झोपायचा नाही. कोणाच्या तरी पडवीत जाऊन बसायचा, चहा घ्यायचा, म्हाताऱ्यांचं ऐकायचा. एकदा एका आजीने त्याला सांगितलं की मुलगा वेगळा राहायला गेला त्या दिवसापासून ती भात अजून पूर्वीइतकाच टाकते, हाताला माप सुटत नाही. त्या रात्री तारामतीचं काम होतं. रोहिदास गेल्यावर हा बाकड्याजवळ बसला, शोक नेहमीसारखा केला आणि मग एकदम आवाज खाली आणून म्हणाला, माझ्या हाताला अजून दोघांच्या भाताचं माप आहे, आता ते मी कुठे ठेवू. मी पेटीवरचा हात काढून घेतला, सूर लावावासाच वाटला नाही.

ती आजी पुढच्याच रांगेत गोणपाटावर बसली होती. सकाळी ती त्याला शोधत आली. आम्हाला वाटलं, रागावणार. तिने त्याच्या हातात केळ्यांचा घड दिला आणि म्हणाली, “माझा बोलणा राणीच्या तोंडात घातलंस मां, बरा केलंस.”

म्हणून तुमच्या काकीचं मला नवल वाटलं नाही. आख्यान जुनं असतं म्हणूनच त्यात नवं दुःख मावतं. कथा सगळ्यांना ठाऊक नसती तर लोक कथेच्याच मागे लागले असते, भाताच्या मापाकडे कोणाचं लक्ष गेलं नसतं.

गिरणीपोर

दोन्ही प्रतिसाद मनापासून आवडले, आणि तरी मला विरोध नोंदवायचा आहे.

मी लालबागच्या चाळीत वाढलो. वडील त्याच संपात होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते. आमच्या खोलीत भजनी मंडळ बसायचं. संपाच्या काळात घरात रॉकेल नसायचं पण मृदंगाला शाई असायची. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, बुवा गजर चढवत न्यायचा आणि वडील, ज्यांना मी कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नाही, ते टाळ घेऊन उभे राहून गायचे. मलाही ते बघून भरून यायचं. पण सकाळी वाण्याची वही तशीच असायची.

मांडकरीण ताई, तुमच्या काकीला काकांची देणी मिळाली का? त्या दोन ओळींनी तिचं मन हलकं झालं असेल, मान्य. पण तिला बोलायला वर्षातून पाच-सात रात्रीच मिळाल्या, त्याही पुरुष नसताना, त्याही चालीत बसवून. बाकीचं वर्ष ती गप्प होती म्हणून तुम्हीच सांगता. जिला सरळ वाक्यात बोलता येत नाही तिला गाणं दिलं, यात आपण सुंदर काय शोधतोय याची मला भीती वाटते. आणि पायपेटी, त्या आजीने केळी दिली हे खरं, पण तिचं वाक्य टाळ्या घेऊन गेलं आणि तिचा मुलगा वेगळाच राहिला ना?

हे कडवट वाटलं तर माफ करा. माझ्या आईलाही असा मांड मिळाला असता तर बरं झालं असतं असं वाटतं, म्हणूनच बोलतोय.

मांडकरीण

देणी मिळाली नाहीत. अजूनही नाहीत.

तुमचं म्हणणं मला खोडायचं नाही. काकीला दोन्ही हवं होतं, पैसेही आणि ओळही. एक मिळालं नाही म्हणून दुसरं खोटं ठरत नाही, एवढंच मी म्हणेन. आणि ‘गाणं दिलं’ असं मला वाटत नाही. कोणी दिलं नव्हतं. त्या रात्री तिने ते घेतलं. एवढ्या बायकांच्या तोंडून तिने ते वदवून घेतलं, ही माझ्या लेखी ताकद आहे. तिच्याकडे दुसरी कुठली ताकद नव्हती हा दोष तिच्या गाण्याचा नाही.

तुमच्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं. चाळीत बायकांचं काहीच नसायचं का? मंगळागौर, हळदीकुंकू?

गिरणीपोर

हळदीकुंकू असायचं. तिथे साडी बघायचे.

खाडीपलीकडचा मास्तर

निवृत्त शिक्षक आहे, सवयीने लांब लिहीन, चालवून घ्या.

पायपेटी यांनी जे सांगितलं त्यावर आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी मोठा खल झाला आहे. नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरताने करुण हा रस मानला आणि शोक हा त्याचा स्थायी, म्हणजे मुळाशी टिकून राहणारा, भाव सांगितला. पुढच्यांना अडचण पडली ती अशी: शोक जर दुःख देतो तर माणसं नाटकात पैसे आणि झोप खर्चून तो भोगायला का जातात? भट्टनायकाने उत्तर दिलं की नाट्यात भाव ‘माझा’ही राहत नाही आणि ‘त्याचा’ही राहत नाही, तो सर्वांचा होतो. त्याला तो साधारणीकरण म्हणतो. दहाव्या-अकराव्या शतकात काश्मीरमध्ये अभिनवगुप्ताने ते पुढे नेलं. त्याच्या मते प्रेक्षकाच्या मनात हे संस्कार आधीपासून वासनारूपाने, म्हणजे मनात मुरलेल्या ठशांसारखे, असतातच, नाट्य त्यांना जागं करतं आणि प्रेक्षकाला त्याची चव घेता येते, कारण त्या क्षणी त्याला त्यातून काही मिळवायचंही नसतं आणि काही टाळायचंही नसतं.

आजीला भाताचं माप स्वयंपाकघरात टोचत होतं. तेच राणीच्या तोंडी आल्यावर तिला ते बाहेरून बघता आलं. मुलगा परत आला नाही, हे गिरणीपोर यांचं म्हणणं खरंच आहे. पण आजीने केळी कशासाठी दिली असतील? माझ्या मते, आपलं दुःख क्षुल्लक नव्हतं, राणीला शोभेल एवढं होतं, हे तिला पहिल्यांदा कळलं म्हणून.

मांडकरीण

सर, एक अडतंय. हे सगळं प्रेक्षकाबद्दल आहे. मांडावर प्रेक्षक कुठे असतो? आम्ही दोन्ही रांगा गाणाऱ्याच होतो. चव घ्यायला बाजूला कोणी बसलेलं नव्हतं. मला त्या रात्री काकीचं दुःख बाहेरून दिसलं नाही, ते माझ्या तोंडात होतं. पुढच्या काही दिवसांत भांडी घासताना मी ती ओळ गुणगुणायचे आणि अंगावर काटा यायचा, कारण मी कोणाची कोण, माझी कुठली पेटी!

खाडीपलीकडचा मास्तर

हा मुद्दा बिनतोड आहे. ते सगळं शास्त्र रंगमंचासमोर बसून लिहिलेलं आहे. दोन्हीकडून गाणाऱ्यांसाठी माझ्याकडे तयार उत्तर नाही.

देवगडचो

मास्तरानू, उत्तर आमच्या देवळात असा.

आमच्या गावात गाऱ्हाणा घालतत तेव्हा काय होता बघा. गावकार देवासमोर उबो रवता, हात जोडता नि म्हणता, “बा देवा म्हाराजा…” आणि पाठसून सगळे, “व्हय म्हाराजा!” चाकरमानी इलो, तेचो पोरगो नापास झालो, कोणाची गाय हरावली, कोणाक पोर व्हयत नाय, सगळा उघड्यार बोलतत. जेचा गाऱ्हाणा तो गप उबो. तेच्या वतीन गावकार बोलता आणि ‘व्हय’ आपण म्हणतो. न्हानपणी माका वाटायचा, आमी कित्या व्हय म्हणूचा, आमचा काय गेला? मगे माझ्या बायकोच्या आजारपणाचा गाऱ्हाणा घातला तेव्हा समाजला. घसो दाटान माझ्या तोंडातसून शबुद फुटा नाय आणि पाठसून सगळो गाव म्हणता, व्हय म्हाराजा. ज्या माणसाशी माझो बांधावरसून वाद, तोय म्हणी होतो. तेचो आवाज माका येगळो वळाखता येय होतो.

बायको बरी झाली. पण ती बरी झाली नसती तरी तो आवाज माझ्या कानातसून गेलो नसतो.

मांडकरीण

देवगडचो, ‘तोय म्हणी होतो’. नेमकं हेच मला सांगायचं होतं.

आबोली

रत्नागिरीत रुग्णालयात परिचारिका आहे. आमच्या प्रशिक्षणात एक अभ्यास शिकवला होता, तो इथे उपयोगी पडेल म्हणून सांगते. अमेरिकेतले जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना चार दिवस रोज १५ मिनिटं लिहायला सांगितलं. काहींनी साध्या विषयांवर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या आघातावर. ज्यांनी घडलेलं आणि त्याबद्दल वाटलेलं अशा दोन्ही बाजू लिहिल्या, ते पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. मात्र लिहून उठल्या उठल्या त्यांना बरं वाटत नव्हतं, उलट अस्वस्थ वाटत होतं. हे मी नातेवाइकांना आवर्जून सांगते, कारण लोक एकदा बोलतात, रडतात, जास्त त्रास होतो आणि मग ठरवतात की बोलणंच वाईट.

काकींनी नुसतं ‘मला दुःख झालं’ म्हटलं नाही हे बघा. गाडी, तिठा, उतरणारी माणसं, पेटी. जे घडलं तेच क्रमाने सांगितलं. वर्षभर डोक्यात तुकडे फिरत असणार, ते एका रांगेत आले. चालीमुळे त्यांना यावंच लागलं असेल.

कातळसडा

थोडं वेगळं. मी राजापूरकडचा, कातळशिल्पं, म्हणजे सड्यावरच्या कातळात कोरलेली जुनी चित्रं, बघत फिरतो. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली: कशेळी, बारसू, रुंढे तळी, देवीहसोळ, देवाचे गोठणे, जांभरुण, उक्षी, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलंही एक ठिकाण. कशेळीला जांभ्यावर कोरलेला हत्ती आहे. त्याच्या बाह्यरेषेच्या आत कितीतरी लहान प्राणी आहेत. तो इतका मोठा आहे की त्याच्यावर उभं राहिलं तर पाय दिसतो, सोंड दिसत नाही. ड्रोनने वरून बघितल्यावर अख्खा दिसतो. कोरणाऱ्याला वरून बघायची सोय नव्हती. आज कोकणात नसलेला गेंडाही काही ठिकाणी आहे.

इथे लोक मला नेहमी विचारतात, त्यांना काय वाटत असेल? मी सांगत नाही. दुसऱ्याच्या भावना आपल्याला कळतात हे या धाग्यावर सगळे गृहीत धरतायत म्हणून हे लिहितो. काकींची ओळ तुम्हाला भिडली, कारण तिठा तुमचा, गाडी तुमची, ‘गे’ तुमचा. कशेळीच्या हत्तीसमोर माझ्याकडे यातलं काहीच नाही. मला फक्त छिन्नीसारख्या कशानेतरी जांभा किती कमी सुटतो ते कळतं. उन्हात सड्यावर अर्धा तास बसवत नाही, तिथे माणसांनी एवढी रेघ पुरी केली. ती का केली हे मला माहीत असल्याचा आव मी आणणार नाही.

पायपेटी

पण तुम्ही परत परत जाता ना तिथे?

कातळसडा

जातो. पावसाळ्यानंतर गवत वाढलं की रेघा बुजतात, तेव्हा आम्ही काही जण ओणवे बसून हाताने माती काढतो. त्या वेळी रेघेत बोट चालतं आणि कोरणाऱ्याचा हात कुठून कुठे गेला असेल ते कळतं. हत्ती कळत नाही, वळण कळतं.

मांडकरीण

मला हे पटतंय. आणि कदाचित मांडावरही एवढंच कळत असेल. काकीच्या मनात काय होतं हे मला आजही माहीत नाही, मी तिला विचारलेलं नाही. मी तिचं वळण गिरवलं.

विरारवरून

बरेच दिवस नुसता वाचतोय, आज खातं उघडून लिहितोय.

माझे वडील कोविडमध्ये गेले. रुग्णालयातूनच नेलं, आम्हाला लांबून दाखवलं. संगमेश्वरकडचं आमचं गाव. मी विरारला वाढलो, मला मालवणी येत नाही, संगमेश्वरीही धड येत नाही. मांड नाही, गाऱ्हाणं नाही, भजन नाही. फोनमध्ये लिहितो आणि खोडतो. आबोलीताईंनी सांगितलं तसं घडलेलं लिहायला बसलो की रुग्णवाहिकेच्या दारापाशी थांबतो, पुढे जात नाही. तुमच्या सगळ्यांकडे आधीपासून तयार जागा होती. ज्याच्याकडे ती नाही त्याने काय करायचं? हा खरा प्रश्न आहे, सहानुभूती नको.

गिरणीपोर

भावा, तुझ्या प्रश्नापुढे माझा विरोध मी बाजूला ठेवतो. मलाही जागा तयार मिळाली नव्हती. वडील गेल्यावर त्यांच्या मंडळात मी टाळ वाजवायला जाऊन उभा राहिलो. मला एकही अभंग पूर्ण येत नव्हता. कोणी विचारलं नाही. ध्रुवपद सगळेच म्हणतात, तेवढं म्हणायचो.

आबोली

दारापाशी थांबत असाल तर तिथेच थांबा. त्या दाराबद्दल लिहा: रंग, आवाज, कोणी बंद केलं. पुढे जायची सक्ती नाही. झोप उडत असेल किंवा महिनोन् महिने जेवण जात नसेल तर मात्र डॉक्टरांना भेटा, हे लिहिण्यावर सोडू नका.

पायपेटी

संगमेश्वर म्हणजे शिमगा जोरात. वडील पालखीला असायचे का?

विरारवरून

असायचे. दरवर्षी रजा टाकून जायचे. फाकपंचमीला (फाल्गुन शुद्ध पंचमीला) गाव धरायचे ते पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या जागी, बसेपर्यंत. गावकीतून काकांचा दोनदा फोन आला की घरातलं कोणीतरी खांद्याला यायला हवं. मी टाळतोय. ढोल सुरू झाल्यावर पालखी नाचवताना सगळ्यांची पावलं एकत्र पडतात, माझं चुकलं तर? मला ते लहानपणी बघितलेलं आठवतं, केलेलं नाही.

देवगडचो

चुकला तर चुकला. बाजूचो सावरून घेता. देव काय खाली पडणा नाय. जा तू.

पायपेटी

काकांना सांगून आदल्या रात्री सहाणेवर जा, रुपं (देवाचे मुखवटे) लावायच्या आधी. मोकळ्या पालखीवर मुलं सराव करत असतात, त्यांच्यात उभे राहा. ढोलाकडे लक्ष द्या, पायाकडे बघू नका.

विरारवरून

काकांना आत्ताच फोन केला, येतो म्हणून सांगितलं. ते म्हणाले, मागच्या दांड्याला घेऊ, उंचीने तू तिथे बसतोस. एक विचारायचं राहिलं: खांद्याला काय घेतात? वडिलांचा खांदा दरवर्षी सोलून यायचा.

कातळसडा

जुना सुती पंचा, चौपदरी घडी. नवा टॉवेल नको, घामाने सरकतो. शर्टाच्या आतून घ्या. आणि दुसऱ्या दिवशी खांदा बदलून मागा, देतात.